बिनव्याजी ठेव

मराठी मध्यमवर्गीय माणूस पैसे ठेवताना किती चौकस असतो, हे बँकेच्या खिडकीमागे बसलेल्या कुणालाही विचारावं. पाव टक्का जास्त मिळतो म्हणून तो दोन बस बदलून लांबच्या पतसंस्थेत जातो. ज्येष्ठ नागरिकांना मिळणारा अर्धा टक्का आपल्याला कधी लागू होणार, याची तो पन्नाशीपासूनच वाट बघतो. मुदत संपायच्या दिवशी शटर वर जायच्या आत पावती घेऊन दारात उभा असतो. हाच माणूस एका ठेवीबद्दल मात्र जन्मात चकार शब्द काढत नाही. तिला व्याज नाही, मुदत नाही, तिची पावती कुठे आहे ते घरात कुणाला माहीत नाही, आणि आपण अशी काही ठेव ठेवली आहे हेही त्याच्या लक्षात नसतं. ती ठेव म्हणजे गॅसच्या सिलिंडरचं डिपॉझिट.

बरं, या ठेवीच्या बदल्यात जी वस्तू घरात येते तीही आपली नसते. कर्जावर घेतलेली मोटार पाच-सात वर्षांनी आपली होते, फ्लॅट वीस वर्षांनी होतो. सिलिंडर कधीच होत नाही. तो कंपनीचा, आपल्याला फक्त वापरायला दिलेला. शिवाय तो काही एकच सिलिंडर नव्हे. आज आपल्या ओट्याखाली उभा आहे तो दोन महिन्यांपूर्वी सासवडला कुणाचं तरी पिठलं शिजवत होता आणि पुढच्या खेपेला हडपसरच्या एखाद्या खोलीत चार मुलांसाठी मॅगी उकळेल. तरीही ‘आमचा सिलिंडर’ हे शब्द ज्या अधिकाराने उच्चारले जातात तो अधिकार कित्येक घरांत ‘आमचे हे’ म्हणतानाही नसतो.

हा सगळा प्रश्न उपटतो तो पाइपचा गॅस आल्यावर. मुंबईत तो आधी आला, पुण्यात नंतर. रस्ता खणला गेला, बुजवला गेला, पुन्हा खणला गेला, आणि एक दिवस स्वयंपाकघराच्या भिंतीवर मीटर बसलं. मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी विचारलं, ‘आता सिलिंडरचं काय करायचं?’ कुणीतरी उत्तर दिलं, ‘परत करायचे आणि डिपॉझिट घ्यायचं. सध्या २२०० आहे.’

आमच्या तळमजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. २२०० हा आकडा वाचून ते चष्मा पुसून पुन्हा वाचायला बसले. आकडा खरा होता. जून २०२२ मध्ये १४.२ किलोच्या सिलिंडरचं डिपॉझिट १४५० वरून २२०० रुपये झालं आणि रेग्युलेटरचं १५० वरून २५०. काकांकडे दोन सिलिंडर, एक रेग्युलेटर. एकूण ४६५०. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा ही रक्कम कुठे गुंतवावी इथपर्यंत त्यांचा विचार पोचला होता.

यात एक बारीकशी मेख असते. परत मिळतं ते आजचं डिपॉझिट नव्हे. आपण ज्या साली जोडणी घेतली त्या साली जे भरलं असेल तेवढंच मिळतं आणि ते किती, हे सबस्क्रिप्शन व्हाउचर नावाच्या कागदावर लिहिलेलं असतं. काकांची जोडणी लग्नानंतर लगेचची. लग्नाला छत्तीस वर्षं झालेली. म्हणजे कागदावर जो काही आकडा असणार तो तीन अंकी, हे उघड होतं.

काका गप्प झाले. पण बँकेतला माणूस गप्प बसला की त्याच्या डोक्यात हिशेब सुरू होतो. बहात्तरला व्याजदराने भागलं की पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते निघतं, हा त्यांचा आवडता नियम. आठ टक्के धरले तर नऊ वर्षं. छत्तीस वर्षांत चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट. ‘सोळापट!’ काका जिन्यातच ओरडले. ‘छत्तीस वर्षं माझे पैसे वापरले आणि देणार किती, तर मुद्दल!’

आतून काकूंचा आवाज आला, ‘आणि छत्तीस वर्षं गरम गरम जेवलात ते?’

काकूंचा मुळात परत करण्यालाच विरोध होता. पाइपमधून येणाऱ्या वस्तूंबद्दल पुणेकर बाईचं मत नळाच्या पाण्यावरून बनलेलं असतं. ‘उद्या बंद पडला तर? गणपतीत मोदकांचं पाणी ठेवलं आणि गेला तर? गच्चीवर कुरडयांचा चीक कशावर शिजवू, पाइप गच्चीवर नेऊ?’ यांतल्या एकाही प्रश्नाला काकांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, पण शेजारधर्म म्हणून मी ते दिलं नाही.

काकूंची बाजू समजून घ्यायची तर जरा मागे जावं लागतं. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत १९५५ च्या सुमारास आला. बर्मा शेल कंपनीचा बर्शेन, जोडीला एसो. एसो १९७४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि तिची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. बर्मा शेल १९७६ मध्ये गेली आणि पुढे तिची भारत पेट्रोलियम झाली. दोन बलाढ्य परदेशी कंपन्यांची मालकी बदलली, पाट्या बदलल्या, गाड्यांचे रंग बदलले. पण त्या गडबडीत गिरगावातून किंवा दादरहून कुणी ‘आधी आमचं डिपॉझिट द्या’ म्हणत उठल्याचं ऐकिवात नाही. कारण एकदा मिळालेली जोडणी सोडायची ही कल्पनाच कुणाला सुचत नव्हती.

सुचणार कशी? नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची ती वेळ होती. खासदारांकडे गॅसजोडणीची कुपनं असत आणि लोकप्रतिनिधीची किंमत त्याच्या भाषणांवरून नव्हे, तर त्या कुपनांवरून ठरे. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात मुलाचा पगार हळू आवाजात सांगितला जाई आणि ‘घरी गॅस आहे’ हे मोठ्याने. घरात पंप मारायचा स्टोव्ह, वातीचा स्टोव्ह आणि रॉकेलचा वास एवढी सामग्री असलेल्या मुलीला ते वाक्य पगारापेक्षा स्पष्ट ऐकू जाई. त्यातून ज्याच्याकडे डबल सिलिंडर, तो गृहस्थ आळीत अर्ध्या बाहीच्या बनियनवरही रुबाबदार दिसायचा. अशा मेहनतीने मिळवलेली चीज, पाइप आला म्हणून, तीन अंकी रकमेसाठी आपल्या हाताने नेऊन द्यायची?

पण काका पेटले होते. मुद्दल तर मुद्दल.

पहिलं काम म्हणजे कागद शोधणं. गॅसचं पुस्तक सापडायला वेळ लागत नाही, कारण ते कित्येक वर्षं घराचं ओळखपत्र होतं. पासपोर्टपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत पत्त्याचा पुरावा म्हणून त्याच्या झेरॉक्स निघालेल्या असतात. मूळ व्हाउचर मात्र ‘महत्त्वाचं आहे म्हणून नीट ठेवलेलं’ असतं, आणि आपल्याकडे नीट ठेवलेली वस्तू त्या ठेवणाऱ्यालाही सापडत नाही. कागद हरवला तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. स्टॅम्प पेपर, नोटरी, टायपिंग. हा खर्च डिपॉझिटच्या जवळपास जातोय हे लक्षात आल्यावर काकांनी सगळं घर उपसलं. व्हाउचर निघालं ते मुलीच्या बारशाच्या आहेराच्या यादीत घडी घालून ठेवलेलं. यादी सापडल्यामुळे कुणी किती कमी आहेर केला होता यावर दोन तास गेले, आणि एका आतेभावाशी असलेले संबंध उतारवयात नव्याने ताणले गेले.

तरी काकांचं नशीब थोर, की जोडणी त्यांच्याच नावावर होती. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ती आजोबांच्या नावावर होती आणि आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते गेल्यानंतरही दर दोन महिन्यांनी त्यांच्या नावाने सिलिंडर येत राहिला. त्यांच्या नावाने नंबर लावला जाई, त्यांच्या नावाने पावती फाटे, अनुदान होतं तेव्हा तेही कुठल्यातरी खात्यात जमा होई. हयातीत आजोबांनी कधी चहासुद्धा केला नव्हता. गेल्यानंतर मात्र सगळं स्वयंपाकघर त्यांच्या नावावर चाललं होतं. मग आधार जोडून ई-केवायसी करा असा आदेश आला, चेहरा दाखवा, बोट टेकवा; तेव्हा कुठे घरच्यांना ही बाब कंपनीला कळवणं भाग पडलं. आता मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती, म्हणजे नागपूरच्या काकांची आणि अमेरिकेतल्या आत्याची सही. त्या निमित्ताने आत्याने वडिलोपार्जित घराचाही विषय काढला. त्या घरात सिलिंडर अजून तसाच आहे आणि त्यावर आता कुणी बोलत नाही.

कागदानंतर प्रश्न आला दुसऱ्या सिलिंडरचा. कागदावर दोन होते. ओट्याखाली एक होता. आपल्याकडे डबल सिलिंडर याचा खरा अर्थ एक घरात आणि एक समाजात, असा असतो. ‘वहिनी, आमचा आत्ताच संपला हो, पाहुणे आलेत’ या वाक्यावर तो जिना चढतो, उतरतो, भिंतीपलीकडे जातो. परत येईपर्यंत मधे दिवाळी होऊन गेलेली असते. उसन्या साखरेची वाटी बायकांच्या लक्षात राहते, पण तीस किलोंचा भरलेला सिलिंडर कुणाकडे गेला हे कुणालाच आठवत नाही.

काकांचा दुसरा सिलिंडर मात्र होता. मागच्या बाल्कनीत, जुन्या चादरीखाली, वर कोरफडीची कुंडी. मी आणि काकांनी मिळून कुंडी उतरवली, चादर काढली, फरशीवर गंजाचं वर्तुळ सोडून तो पुढे ओढला आणि काकांचा चेहरा उतरला. सिलिंडर दुसऱ्याच कंपनीचा होता.

म्हणजे कधीतरी आपला दिला गेला आणि परत हा आला. कुणी दिला? काकूंनी विचार करून समोरच्या इमारतीतून बावधनला राहायला गेलेल्या एका कुटुंबाचं नाव घेतलं. त्यांच्या मुलीच्या लग्नात नेला होता. फोन लावला. तिकडच्या गृहस्थांनी दहा मिनिटं तब्येतीची चौकशी केल्यावर सांगितलं, की त्यांनी काकांचा सिलिंडर मेहुण्याच्या कात्रजच्या घरी दिला होता, कारण मेहुण्याचा त्याच्या भाच्याने नगरला नेला होता. काकांना परत दिलेला सिलिंडर कदाचित त्या भाच्याचाच असेल. ‘पण काय फरक पडतो हो काका, गॅस तोच ना?’

फरक पडतो. कुठलीही एजन्सी दुसऱ्या कंपनीचा सिलिंडर घेत नाही. मात्र नेमका आपला तोच सिलिंडर परत करावा लागत नाही. आपल्या कंपनीचा कुठलाही चालतो, कारण मुळात ‘आपला तो’ असा काही नसतोच. हे तत्त्वज्ञान काकांना पटल्यावर त्यांनी सोसायटीच्या गटावर जाहिरात टाकली: अमुक कंपनीचा एक रिकामा देणे आहे, तमुक कंपनीचा एक रिकामा हवा आहे. अर्ध्या तासात तिसऱ्या मजल्यावरून नेमका उलटा निरोप आला. मग स्थळं जुळवावीत तसं गंज किती, कडी शाबूत आहे का, टोपी आणि दोरी आहे का, असं बघून जिन्याच्या मधल्या वळणावर देवाणघेवाण झाली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी सिलिंडरच्या कडीखालच्या पट्टीवरचं अक्षर वाचून दाखवलं. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाचे चार तिमाही भाग आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची पुढची तपासणी व्हायला हवी. घरात रोज बघूनही काकांना हे माहीत नव्हतं. पण मुदत लिहिलेली असते म्हटल्यावर त्यांना सिलिंडरबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

राहिला ओट्याखालचा. तो अर्धा भरलेला होता. डिपॉझिट सिलिंडरचं असतं, आतल्या गॅसचं नसतं. म्हणजे गॅससकट परत करणं हे काकांच्या दृष्टीने पाप. किती उरलाय ते बघण्याचे आपल्याकडचे उपाय शास्त्रशुद्ध आणि सर्वमान्य आहेत. आधी कालनिर्णयच्या चौकोनात ‘गॅस लावला’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं शोधायचं. मग कडीला धरून हलवून बघायचं. तरी समाधान झालं नाही तर ओलं फडकं फिरवायचं. जिथे ओल रेंगाळते तिथपर्यंत आत द्रव आहे. फडक्याने अर्ध्याच्या जरा खालची रेषा दाखवली.

पुढचे बरेच दिवस तळमजल्यावर अखंड स्वयंपाक चालला. काका सकाळी आंघोळीचं पाणी सिलिंडरवर तापवत, गीझर असताना. सोसायटीतल्या प्रत्येकाला हरभऱ्याची उसळ पोचली. एका रविवारी पुरणपोळ्या झाल्या, सण नसताना. पाइपचं मीटर त्या काळात एका आकड्यानेही हललं नसेल. वाण्याचं बिल किती झालं हे विचारायचं धाडस मी केलं नाही; सिलिंडरमधला उरलेला गॅस वाया जाऊ नये म्हणून जी डाळ शिजली तिची किंमत काका हिशेबात धरत नव्हते. शेवटी ज्योत पिवळी पडून मान टाकायला लागली आणि घरात तो वास यायला लागला. मूळ गॅसला वास नसतो, गळती कळावी म्हणून इथाइल मरकॅप्टन मिसळलेलं असतं, आणि सिलिंडर तळाला आला की ते नाकाला जास्त जाणवतं. काकांनी सिलिंडर आडवा करून उरलासुरला काढायची तयारी केली होती. काकूंनी शेगडीचा ताबा घेऊन ‘आता घर उडवता का?’ एवढंच विचारलं, आणि याबाबतीत मी पूर्णपणे काकूंच्या बाजूचा आहे. आडवा सिलिंडर हा काटकसरीचा नव्हे, विम्याचा विषय आहे.

रिकाम्या सिलिंडरचं वजनही पंधरा-सोळा किलो असतं. सिलिंडर आणून देणारा माणूस इतकी वर्षं तो खांद्यावर टाकून जिना चढून यायचा आणि आपण दहा रुपये जास्त द्यावेत की वीस यावर दारात घोळ घालायचो. ‘आम्ही रिकामा नेतो, पण भरलेला ठेवून. नुसता नाही नेत,’ असं त्याने स्पष्ट सांगितलं. एजन्सीचं ऑफिस पेठेत, गोदाम गावाबाहेर, कारण वस्तीत सिलिंडरांचे ढीग लावता येत नाहीत आणि ते योग्यच आहे. म्हणजे सिलिंडर एका टोकाला द्यायचे आणि कागद दुसऱ्या टोकाला. दोन सिलिंडर बघून रिक्षावाल्याने नकार दिला. काका जुन्या दिवसांत सिलिंडर स्कूटरच्या पुढे दोन पायांत धरून आणायचे, त्याची त्यांनी आठवण काढली. मी माझ्या गाडीची किल्ली काढली.

गोदामावरची पोचपावती घेऊन आम्ही ऑफिसात पोचलो. काउंटरवरची मुलगी गोड बोलणारी होती. व्हाउचर घेतलं, पुस्तक घेतलं, आधार बघितलं, रद्द केलेला चेक घेतला. काकांनी पिशवीतून रेग्युलेटर काढला. तोही तिने घेतला. मग काकांनी रबरी नळी काढली.

‘काका, नळी तुमचीच असते.’

‘आणि लायटर?’

‘तोही.’

‘शेगडी गाडीत आहे. ती त्या वेळी तुमच्याच दुकानातून घ्यायला लावली होती. त्याशिवाय जोडणी देत नव्हतात.’

मुलीचा त्या वेळी जन्मही झालेला नसावा. ती हसली आणि तिने टर्मिनेशन व्हाउचर छापलं. रक्कम खात्यात जमा होईल, म्हणाली. काकांनी आकडा वाचला. दोन सिलिंडर आणि एक रेग्युलेटर मिळून छापील आकडा तीनचा चार अंकी झाला होता एवढंच समाधान. त्यातून त्यांनी माझ्या पेट्रोलचे पैसे देऊ केले, मी नको म्हणालो, आणि त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही.

‘एक विचारू?’ काका मुलीला म्हणाले. ‘समजा पुन्हा जोडणी घ्यावीशी वाटली. ह्या पावतीवर जुन्याच डिपॉझिटने मिळेल?’

‘नवीन जोडणी आजच्या दराने काका. एका सिलिंडरला २२००.’

‘म्हणजे आज मी जे परत दिलं तेच उद्या घेतलं, तर मला कितीतरी जास्त भरावे लागतील.’

‘हो.’

‘आणि त्यावर व्याज?’

‘नाही काका.’

काकांनी मनातल्या मनात बहात्तरला कशाने तरी भागलं. मग नवीन जोडणीचा एक कोरा फॉर्म मागितला. ‘काकू विचारतील म्हणून,’ असं मला म्हणाले. मुलीने दिला. काकांनी तो दोन्ही बाजूंनी नीट वाचला, दुसरा एक मागितला, आणि दोन्ही घडी करून खिशात ठेवले. फॉर्म फुकट होते.